जुने मराठी सिनेमे आणि मालिका आम्हाला अख्ख्या दाखवा

प्रति,
जुन्या मराठी सिनेमांचे आणि मालिकांचे राइट्स ज्यांच्याकडे आहेत असे सगळे निर्माते, त्यांची मुलं-नातवंडं, चॅनेलवाले, ओटीटीवाले आणि यूट्यूबवर ऑफिशियल अपलोड करणारे

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी कोणालाच मी ओळखत नाही, पण तुमच्या कपाटात आणि हार्ड डिस्कवर जे पडलंय त्याच्यावर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणून हे खुलं पत्र लिहितेय. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. जे तुमच्याकडे आहे ते आम्हाला अख्खं दाखवा. म्हणजे पहिल्या टायटलपासून शेवटच्या पाटीपर्यंत, गाणी न उडवता, चित्र ज्या आकारात शूट झालं त्याच आकारात आणि मूळ आवाजासकट. फुकट द्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, पैसे घ्या, आम्ही देऊ.

'अशी ही बनवाबनवी' १९८८चा पिक्चर आहे. आज कॉलेजात असलेली पोरं त्याच्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी जन्मली, तरी त्यांना धनंजय माने पाठ, पार्वती पाठ, सत्तर रुपयांचा हिशोब पाठ. व्हॉट्सअ‍ॅपचे स्टिकर त्याचे, रील्स त्याचे, ऑफिसच्या ग्रुपवर बॉसने काही विचारलं की उत्तरही त्याच्यातलंच. हे कोणी मार्केटिंग करून घडवलेलं नाही. टीव्हीवर परत परत लागला, लोकांनी परत परत बघितला, आईने भाजी निवडताना ऐकला आणि मुलाच्या तोंडात बसला, असं करत करत झालंय. कल्ट म्हणतात तो हाच, आणि तो प्रेक्षकांनी सांभाळलाय, बऱ्याचदा फार वाईट प्रिंटवर सांभाळलाय.

पण याच पोरांना विचारा की हे डायलॉग लिहिले कोणी. मी विचारते, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही अधूनमधून प्रोजेक्टर लावून जुने पिक्चर बघतो तेव्हा मुद्दाम विचारते, आणि उत्तर सहसा येत नाही. ते लिहिले वसंत सबनीसांनी, ज्यांनी 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलं, ज्याच्यावर दादा कोंडके मोठे झाले. एकदा हे कळलं ना की पिक्चर वेगळाच दिसायला लागतो. कारण मग ऐकू येतं की ही तमाशातल्या बतावणीची लय आहे, एकाने शब्द टाकायचा, दुसऱ्याने तो मुद्दाम उलट्या अर्थाने घ्यायचा, तिसरा मधेच येऊन त्याचा पार गोंधळ करणार, आणि पहिला तोपर्यंत निर्विकार चेहऱ्याने उभा. वगात हे शेकडो वेळा झालंय, सबनीसांनी ते पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत आणून बसवलं आणि अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी यांना त्याचा ताल बरोबर सापडला. पंधरा सेकंदाच्या क्लिपमध्ये फक्त शेवटचा फटका दिसतो, तो फटका बसावा म्हणून आधीची पाच मिनिटं जी बांधणी चाललेली असते ती दिसत नाही. आणि लेखकाचं नाव जिथे असतं ती टायटल्सच तुम्ही कापता. किती तरी पिक्चर आता थेट पहिल्या सीनला सुरू होतात, नाही तर टायटल्सवर चॅनेलचा लोगो आणि सबस्क्राइब करा असं चालू असतं. टायटल्स दोन-तीन मिनिटांची असतात हो. ज्यांनी सेट लावले, ज्यांनी साड्या निवडल्या, ज्यांनी ती नाचाची गाणी बसवली त्यांना जाहीर मान मिळायची तेवढी एकच जागा आहे.

आता आकाराबद्दल बोलते, कारण याच्याकडे कोणी लक्षच देत नाही आणि मला त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. महेश कोठारेंचा 'धडाकेबाज', १९९०, पहिला मराठी सिनेमास्कोप पिक्चर. स्कोप म्हणजे चित्राची रुंदी उंचीच्या दुपटीहून जास्त. त्या काळात मराठी पिक्चरला एवढा खर्च आणि एवढी हिंमत करणं ही केवढी मोठी गोष्ट होती, मुद्दाम रुंद पडदा घेतला की खलनायक कवट्या महाकाळचा अड्डा, घोडे, मारामाऱ्या सगळं मोठं दिसावं. आणि आम्ही तो बघितला कसा? जुन्या चौकोनी टीव्हीवर, दोन्ही बाजू कापून. हिशोब करून बघा, स्कोपची फ्रेम चौकोनी टीव्हीत भरली की चाळीस टक्क्यांच्या वर चित्र जातं. आताच्या रुंद टीव्हीवरसुद्धा पूर्ण पडदा भरायचा अट्टहास केला तर साधारण पाव चित्र गेलं. माणूस बोलतोय आणि समोरचा ऐकणारा फ्रेमच्या बाहेर! एका कडेला काही गंमत चालली असेल तर ती कायमचीच गेली. वरखाली काळ्या पट्ट्या आल्या तर लोक तक्रार करतात असं तुम्ही म्हणाल. करतील एखादे वेळी. सुरुवातीला एक ओळ लिहा की हा सिनेमा मूळ आकारात दाखवला जातोय, लोकांना कळतं, लोक काही खुळे नाहीत.

मालिकांचं बरोबर याच्या उलट झालंय. त्या चौकोनी टीव्हीसाठीच शूट झाल्या, चार बाय तीनमध्ये, आणि आता तुम्ही त्या रुंद पडद्याला बसाव्यात म्हणून वरून-खालून कापता, तिथेही पाव चित्र जातं आणि चक्क कपाळं उडतात. नाही तर ताणता, मग सगळीच माणसं आडवी. जुन्या मराठी मालिका क्लोजअपवर उभ्या होत्या, चेहऱ्यावरच सगळं चालायचं, त्या चेहऱ्यालाच कात्री लावली तर मग बघायचं काय?

दिलीप प्रभावळकरांचं उदाहरण घेते. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि त्या दशकाच्या शेवटी चिं. वि. जोशींचा चिमणराव घराघरात पोचला, प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पुढे १९९१ला 'चौकट राजा'तला नंदू. त्याच्यानंतर दोनच वर्षांनी 'झपाटलेला'मधला तात्या विंचू (आणि तो बाहुला रामदास पाध्यांचा, हेही टायटल्समध्येच कळतं). मग २००१ला 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा, तेही त्यांनी स्वतःच लिहिलेल्या 'अनुदिनी' पुस्तकातून आलेले. चिमणराव ते आबा वीसहून जास्त वर्षं. भित्रा सज्जन कारकून, मग निरागस नंदू, मग थंड डोक्याचा गुंड, आणि मग सगळ्यांना बारकाईने बघणारा आजोबा, आणि यातल्या एकाचीही सावली दुसऱ्यावर पडत नाही. एखाद्या अभिनय शिकणाऱ्या मुलीला हे ओळीने, चांगल्या प्रिंटवर, एका महिन्यात बघायला मिळालं तर तिला किती मिळेल याचा विचार करा. आज तिला हे बघायचं असेल तर एक इथे, दुसरं तिथे, तिसऱ्याचा आवाज मागेपुढे आणि चिमणरावाचे मिळतील तेवढे तुकडे, अशी गत आहे.

टीव्हीच्या टेपा हा वेगळाच जीव जाळणारा विषय आहे. व्हिडिओ टेप त्या काळी महाग, म्हणून जगभर टीव्ही केंद्रं जुनं पुसून त्याच टेपवर नवं रेकॉर्ड करायची. बीबीसीने 'डॉक्टर हू' मालिकेचे जुने भाग असेच घालवले, नव्वदहून जास्त भाग अजून सापडलेले नाहीत आणि तिथले लोक परदेशातल्या केंद्रांत, खासगी संग्रहात अजून शोधतायत. आपल्याकडे किती गेलं याचा विचार करायला लागलं की झोप येत नाही. म्हणून जे उरलंय ते जिवापाड जपायला हवं. यू-मॅटिकची टेप असू दे नाही तर बीटाकॅमची, ती वाजवणारी मशीन आता मिळत नाहीत, दुरुस्त करणारी माणसं रिटायर झाली, टेपवरचा थर चिकट होऊन निघायला लागतो. कपाटात आहे म्हणजे सुरक्षित आहे असं समजू नका. फिल्मचंही तेच. दमट हवेत ठेवलेली अ‍ॅसिटेटची फिल्म सडायला लागली की डबा उघडल्या उघडल्या व्हिनेगरचा आंबट वास येतो, आणि वास आला म्हणजे नुकसान सुरू झालेलं असतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत प्रिंटा निळा-हिरवा सोडून देतात आणि सगळं गुलाबी होत जातं. पावसाळ्यात मुंबई-ठाण्यातल्या गोदामात काय होत असेल ते तुम्हाला मी सांगायला नको.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून आहे. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, लोकांच्या घरच्या ट्रंका उघडून फिल्म गोळा केल्या, फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा आज जो भाग बघायला मिळतो तो अशाच माणसांच्या धडपडीमुळे. आणि त्याच पुण्यात २००३च्या जानेवारीत पटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभात फिल्म कंपनीच्या काळातली फिल्म त्यात जळाली. दोन्ही गोष्टी एकाच गावातल्या. तुमच्याकडे मूळ निगेटिव्ह असेल, प्रिंट असेल, टेप असेल तर ती तिथे ठेवायला देण्याबद्दल बोला तरी. फिल्मचे डबे संग्रहालयात ठेवले म्हणून तुमचे हक्क जात नाहीत, ते तुमचेच राहतात, ही भीती अनेकांच्या मनात असते आणि ती उगाच आहे.

'घाशीराम कोतवाल'ची हकीकत तर प्रत्येक निर्मात्याला माहीत असायला हवी. १९७६चा सिनेमा, नाटकावरूनच, पटकथा विजय तेंडुलकरांची, फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मुलांनी युक्त नावाची सहकारी संस्था काढून केलेला. मणी कौल, के. हरिहरन, कमल स्वरूप, सईद मिर्झा असे सगळे त्यात, मोहन आगाशे नाना फडणवीस, आणि ओम पुरींच्या अगदी सुरुवातीच्या सिनेमांपैकी हा एक. एवढं सगळं असूनही हा पिक्चर वर्षानुवर्षं कोणाला बघायलाच मिळत नव्हता. प्रिंट टिकली ती कुठे, तर बर्लिनला, आर्सेनाल नावाच्या संस्थेकडे, आणि तिथल्या लोकांनी तिच्यावर काम करून ती परत लोकांसमोर आणली. मला त्या जर्मन लोकांबद्दल फार कृतज्ञता वाटते, आणि तरीही सदाशिव पेठेतल्या माणसाने पेशव्यांच्या पुण्यावरचा सिनेमा बघता यावा म्हणून बर्लिनकडे डोळे लावून बसायचं हे बरोबर वाटत नाही.

बर्लिनवरून 'सामना' आठवला. १९७५ला तिथल्या महोत्सवाच्या स्पर्धेत होता, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, लेखन तेंडुलकरांचं. मारुती कांबळेचं काय झालं हा प्रश्न आज राजकारणावर लिहिणारा प्रत्येक जण वापरतो, पण पिक्चर बघितलेले किती? मी परवा तरुण मंडळींबरोबर परत बघितला. निळू फुलेंचा साखर कारखानदार हिंदुराव आणि श्रीराम लागूंचा मास्तर समोरासमोर बसून बोलतायत, घाई म्हणून नाही, हिंदुराव त्या फाटक्या मास्तरवर खरंच जीव लावतोय आणि मास्तरलाही ते कळतंय, आणि तरीही तो प्रश्न विचारायचं थांबत नाही. पहिल्यांदा विचारतो तेव्हा प्रश्न साधा असतो, दहाव्यांदा विचारतो तेव्हा अख्ख्या साखर कारखान्याच्या सत्तेला हादरा बसतो. ही जी चढण आहे ना, ती दोन तास सलग बसल्याशिवाय मिळतच नाही. मधे दर आठ मिनिटांनी गुटख्याची नाही तर कर्जाची जाहिरात आली की मास्तरचा आवाज परत शून्यापासून चढवायला लागतो. आणि भास्कर चंदावरकरांचं संगीत, त्यात कुठे गप्प राहायचं हेही ठरलेलं आहे, त्या गप्प जागा तुम्ही भरू नका, कृपा करून. हल्ली आवाज 'सुधारून' देताना मागचे बारीक आवाज पुसले जातात, गावातल्या रात्रीचा आवाज जातो, आणि माणसं डबिंगच्या खोलीत उभी राहून बोलल्यासारखी वाटतात.

तसंच ते चित्र 'सुधारणं'. एआय लावून फोर-के केलेलं असतं, थंबनेलवर मोठं लिहिलेलं असतं, आणि बघायला जावं तर सगळ्यांचे चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे. 'सिंहासन' १९७९चा, कृष्णधवल. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांमधून केलेला, इतकी माणसं, इतके धागे, आणि त्याचा तो करडा, दाणेदार पोत हाच त्या सत्तेच्या मुंबईचा रंग आहे. निळू फुलेंनी केलेल्या पत्रकार दिगूच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या शेवटी गुळगुळीत करून टाकल्या तर त्याच्या त्या वेड्या हसण्यात काय उरलं? ओरखडे काढा, धूळ काढा, हलणारं चित्र स्थिर करा, त्याला कोण नाही म्हणतंय. चेहरे बदलू नका आणि कृष्णधवलला रंग देऊ नका.

पैसे कुठून येणार हा तुमचा प्रश्न मला मान्य आहे, निगेटिव्हवरून नीट रिस्टोरेशन करणं खर्चाचं काम आहे हे मला कळतं. पण प्रेक्षक आहे. लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने 'रामायण' परत लावलं तेव्हा सगळ्यांनी बघितलं ना, जुन्या मराठी मालिकाही तेव्हा चॅनेलांनी परत लावल्या आणि घरात तीन पिढ्या एका सोफ्यावर बसल्या. 'तुंबाड' २०२४ला परत थिएटरात आला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. जुना पिक्चर मोठ्या पडद्यावर बघायला लोक तिकीट काढतात. आणि जिथे मोठं रिस्टोरेशन परवडत नाही तिथे निदान असलेली चांगली प्रिंट न कापता टाका, याला तर काहीच खर्च नाही, उलट कापायचे कष्ट वाचतात.

कायद्याचंही बोलून घेते. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सिनेमावरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं. म्हणजे १९३६चा 'संत तुकाराम', १९५३चा 'श्यामची आई' यांच्यावरचा सिनेमा म्हणून असलेला हक्क कधीच संपला. त्यांची चांगली प्रिंट ज्याच्याकडे असेल त्याने ती अडवून ठेवण्यात काय मिळवायचंय? आणि आज जे तुमच्या हक्कात आहे तेही एक दिवस सगळ्यांचं होणार आहे, तेव्हा दाखवण्यासारखी प्रिंटच उरली नसेल तर ते सगळ्यांचं होऊन उपयोग काय.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट, सबटायटल्स. इंग्रजी तर हवीतच, न्यू जर्सीत आणि सिंगापूरला वाढलेल्या भाचरांना 'प्रपंच' दाखवायला गेलं की दर वाक्याला थांबवून सांगावं लागतं, आणि प्रतिमा कुलकर्णींच्या त्या मालिकेत लोक अर्धवट वाक्यांत, एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकत बोलतात, तीच तर तिची गोडी. पण मराठी सबटायटल्सही द्या. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी, म्हणजे ज्यांनी हे सगळं पहिल्यांदा बघितलं त्याच पिढीसाठी. आमच्या हॉलमध्ये ऐंशीच्या पुढचे काका-काकू येतात, त्यांना डायलॉग पाठ असूनही नवीन स्पीकरवर शब्द लागत नाहीत. आणि 'आभाळमाया'चं शीर्षकगीत दर भागाला पूर्ण ठेवा, देवकी पंडितांचा आवाज, अशोक पत्कींची चाल, ते 'स्किप' करायचं बटण देऊ नका असं म्हणत नाही, पण गाणंच काढून टाकू नका. ते लागलं की घरात आजी हातातलं काम टाकून येऊन बसायची, ते त्या मालिकेचंच एक दार आहे.

आता एक ठोस विनंती करते आणि थांबते. 'एक होता विदूषक' १९९२चा. जब्बार पटेल, पटकथा-संवाद पु. ल. देशपांड्यांचे, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं, आणि मधोमध लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशातला सोंगाड्या, मग सिनेमातला स्टार, मग राजकारण. ज्या पोरांनी लक्ष्याला फक्त स्टिकरमध्ये बघितलंय त्यांना हा लक्ष्या माहीतच नाही, हसवता हसवता आतून रिकामा होत गेलेला, डोळ्यात पाणी असताना तोंडाने विनोद करणारा. तेव्हा लोकांना विनोदी लक्ष्या हवा होता म्हणून हा चालला नाही, आज चालेल, मला खात्री आहे, कारण आजच्या पोरांना हसवणाऱ्या माणसाचं एकटेपण जास्त कळतं. ज्यांच्याकडे याची चांगली प्रिंट आणि हक्क आहेत त्यांनी मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात आणि पणजीत निदान एकेक शो मोठ्या पडद्यावर लावावा, टायटल्ससकट, मध्यंतर जिथे होतं तिथेच ठेवून. तारीख पंधरा दिवस आधी सांगा, म्हणजे आम्हाला माणसं गोळा करता येतील. ठाण्याहून आम्ही एक अख्खी रांग भरून येतो, काका-काकूंना खाली जिन्याशिवायच्या सीट लागतील तेवढं फक्त बघा.

आपली,
ठाण्याची एक प्रेक्षक